बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पुढे काहीच नाही

गेल्या पावसातली गोष्ट. बाबांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसातून निघतच होते. "लागत नाही गो," एवढंच ते म्हणाले. काय लागत नाही, हे विचारायची गरज नव्हती. गणपतीला अठरा दिवस उरले होते. चिपळूणच्या बाजारपेठेतल्या आमच्या लहानशा डीटीपीच्या दुकानाला वर्षातले सगळ्यात घाईचे दिवस हेच. मंडळांची पावतीपुस्तकं, जमाखर्चाचे अहवाल, भजनाच्या बारीची पत्रकं, आरत्यांच्या पुस्तिका. आणि हे सगळं होतं एका मशीनवर, एका जुन्या कॉम्प्युटरवर.

ते मशीन २०१२ साली असेंबल करून घेतलेलं. एच६१ चिपसेटचा बोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क आणि ३२ बिटची विंडोज ७. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० पासून विंडोज ७ ला फुकटचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, तेव्हा मी त्या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाकली. पण मशीन बदलता आलं नाही. बाबांचं सारं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये आहे. ते फाँट ज्या सॉफ्टवेअरमधून चालतात त्याला डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लागतं, आणि ते डोंगल जुन्या प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टात बसतं. हल्लीच्या मशीनला तो पोर्ट नसतोच. या फाइली दुसरीकडे उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण त्या फाँटमध्ये देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असतात. फाँट गेला की मजकूरही गेला. कितीतरी घरांच्या लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पालख्यांची वेळापत्रकं, वर्षश्राद्धाची कार्डं त्या एका डिस्कवर होती. शेवटचा बॅकअप दिवाळीतला.

बाबांनी आधी गावातल्या एका दुरुस्तीवाल्यांना बोलावलं होतं. त्यांनी बटण दाबून बघितलं, साइडचं झाकण काढून आत बॅटरी मारली आणि सांगितलं, "काका, मदरबोर्ड गेला. आता नवीनच घ्या, जुने बोर्ड मिळत नाहीत." त्यांच्याकडे ऐन पावसात रोज कितीतरी मशीन येतात, एका जुन्या डब्यावर चार तास घालवणं त्यांना परवडणारं नाही, हे मला समजतं. पण "मदरबोर्ड गेला" हा निष्कर्ष पाच मिनिटांत निघत नाही. बोर्ड सोडून बाकी सगळं ठीक आहे हे एकेक करून दाखवता आलं, तरच शेवटी बोर्डाचं नाव घ्यायचं. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि रात्रीची एसटी पकडली. कुंभार्ली घाटात धुकं इतकं होतं की गाडी चालण्याच्या वेगाने उतरत होती.

सकाळी दुकानात गेले आणि कशालाही हात लावण्याआधी वही काढली. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला असताना आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांनी ही सवय लावली: आधी बघा, मग लिहा, मग हात लावा. बटण दाबलं. पंखा फिरला, समोरचा निळा दिवा लागला, तीन सेकंदांनी सगळं बंद. दोन सेकंद शांतता, आणि कुणी बटण न दाबता पुन्हा सुरू. पुन्हा बंद. मॉनिटरवर "नो सिग्नल". हे मी सात वेळा मोजलं.

"चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचे रस्ते वेगळे. एक, वीजच पोचत नाही, पंखासुद्धा हलत नाही. दुसरा, वीज पोचते पण स्क्रीनवर काही येत नाही. म्हणजे चालू झाल्या झाल्या बोर्ड स्वतःची जी तपासणी करतो, तीच पुरी होत नाही. तिसरा, स्क्रीन येते, कंपनीचा लोगो दिसतो, पण विंडोज उघडत नाही. आमचं दुखणं दुसऱ्या जातीचं होतं. म्हणजे या घडीला हार्डडिस्क आणि विंडोज यांचा विचारच करायचा नव्हता. पाळी तिथवर आलेलीच नव्हती. मला त्यातल्या त्यात हायसं वाटलं ते यामुळे. डिस्क बहुधा शाबूत होती.

मग बाबांना विचारलं, "शेवटचं चाललं ते कधी? आणि मधे काय काय झालं?"

"काही नाही झालं. चार दिवस घरी होतं. काल परवा आणलं."

घरी का होतं, ते चिपळूणकराला सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या दुकानातला कागद, मॉनिटर, स्क्रीन प्रिंटिंगच्या फ्रेमा, सगळं गेलं. हे कॅबिनेट तेवढं वाचलं, कारण आदल्या संध्याकाळी राहिलेलं काम पुरं करायला बाबांनी ते घरी, वरच्या मजल्यावर नेलं होतं. तेव्हापासून मोठ्या पावसाचा इशारा आला की बाबा सगळ्यात आधी वायरी काढतात आणि कॅबिनेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रिक्षात घालतात. याही वेळी तसंच नेलं होतं. मी वहीत लिहिलं: "चार दिवस वायर काढलेली. दोनदा रिक्षाने हलवलं. प्लॅस्टिकमध्ये, दमट हवेत." पुढे जे जे सापडलं ते सगळं या एका ओळीत होतं, पण ते कळायला दोन दिवस जायचे होते.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून केली. प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, माऊस, सगळं काढलं. फक्त कीबोर्ड आणि मॉनिटर ठेवला. यूपीएस बाजूला सारून थेट भिंतीतल्या सॉकेटवर जोडलं. फरक नाही. वायर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. फरक नाही. शेजारच्या वायरमनदादांकडून मल्टिमीटर आणला. एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यातून, बोर्डाला जाणारा २४ पिनांचा जो मोठा कनेक्टर असतो, त्यातली जांभळी वायर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट देत असते; तिच्यावरच बोर्ड बटण दाबण्याची वाट बघत जागा असतो. तिथे ५.०८ मिळाले. मग कनेक्टर बोर्डातून काढला, हिरवी वायर आणि तिच्या शेजारची काळी एका वाकवलेल्या टाचणीने जोडली. एसएमपीएसचा पंखा फिरला आणि फिरत राहिला. पिवळ्या वायरीवर ११.९, लालवर ५.०५, नारिंगीवर ३.३१. १२ व्होल्टच्या वायरीला पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४ ते १२.६ चालतं. आमचं त्यात होतं.

ही टाचणीची चाचणी पुष्कळ जण शेवटचा शब्द म्हणून धरतात, ते बरोबर नाही. एसएमपीएस चालू होतो एवढंच ती सांगते; प्रोसेसरचा भार आल्यावर तो वाकतो की नाही हे तिला कळत नाही. म्हणून मी वहीत "एसएमपीएस ठीक" असं न लिहिता "एसएमपीएसवर सध्या संशय नाही" असं लिहिलं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: एसएमपीएसचा पत्र्याचा डबा स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातले मोठे कपॅसिटर वीज धरून असतात.

आता कॅबिनेट आडवं केलं. आतल्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवली आणि बॅटरीच्या उजेडात बोर्ड इंच-इंच बघितला. कपॅसिटरची डोकी सपाट होती, कुठलं फुगलेलं नाही, कुठे जळका डाग नाही. धूळ मात्र पावसाळ्यातली, पापडासारखी चिकटलेली. तळाला, समोरच्या पंख्यामागे, पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. रंगकामाच्या मऊ ब्रशने सगळं झाडलं.

मग ध्यानात आलं की या मशीनला आवाजच नाही. बोर्डात बिघाड झाला तर तो बीप वाजवून सांगतो, पण त्यासाठी चार पिनांवर एक बटणाएवढा स्पीकर लावावा लागतो, आणि असेंबल करताना तो बहुतेक कुणी लावत नाही. माळ्यावर पुरात बुडालेल्या एका जुन्या कॅबिनेटचा सांगाडा होता. त्याचा स्पीकर कापून आणला, वायरी साफ केल्या आणि लावला.

दोन्ही रॅम काढून टाकल्या आणि बटण दाबलं. ही चाचणी उलटी वाटते, पण माझ्या मते सगळ्या तपासणीत हिच्याइतकं उत्तर दुसरी कुठलीच देत नाही. रॅम नसताना मशीन चालणार नाही हे ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच, की बोर्ड तक्रार करतो की नाही. दोन सेकंद काही नाही. मग लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप. पुन्हा.

"काय झालं?" बाबा धावत आले.

"बोर्ड जिवंत आहे," मी म्हटलं. रॅम नाही हे कळायला प्रोसेसरला जागं व्हावं लागतं, बोर्डावरचा बायोस, म्हणजे मशीन जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, वाचावा लागतो, त्याप्रमाणे चालावं लागतं. मेलेला बोर्ड ओरडत नाही. बाबा स्टुलावर बसले ते तिथेच बसून राहिले. दिवसभर हलले नाहीत.

दोन रॅम आणि दोन खाचा म्हणजे चार जोड्या. एकेक करून चारही केल्या. पहिली रॅम पहिल्या खाचेत: मॉनिटरवर लोगो आला. पहिली रॅम दुसऱ्या खाचेत: आला. दुसरी रॅम पहिल्या खाचेत: पंखा फिरला, बंद, पुन्हा सुरू. दुसऱ्या खाचेत: तेच. म्हणजे खाचा निर्दोष, दोष दुसऱ्या रॅमकडे. ती उजेडात तिरपी धरली तर सोनेरी दातांवर पांढुरकी साय धरलेली दिसली. वर, काढताना माझ्या लक्षात आलं होतं की तिच्या एका टोकाची पकड अर्धवट उघडी होती. रिक्षाच्या हादऱ्यांनी ती सैल झाली असावी आणि उघड्या पडलेल्या दातांना दमट हवा लागली. रॅम नीट ओळखता आली नाही की काही बोर्ड असेच स्वतःला बंद-चालू करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. सात वेळा मी मोजलं ते हेच.

आपल्याकडे रॅम साफ करायची म्हणजे खोडरबर. मीही पूर्वी तेच करायचे. पण त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, रबराने तोही थोडा थोडा निघतो आणि रबराचा भुगा खाचेत जाऊन बसतो. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, सुती कापडाला लावून दात पुसले, दहा मिनिटं वाळू दिले. रॅम दोन्ही बाजूंच्या पकडी "टक" वाजेपर्यंत दाबून बसवली. लोगो आला. दोन्ही रॅम लावल्या. ४ जीबी दिसली.

लोगोपाठोपाठ काळ्या पडद्यावर ओळ आली: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट सेटिंग्ज घेतल्या आहेत, पुढे जायला एफ१ दाबा. तारीख दाखवत होती २०११ सालची १ जानेवारी. म्हणजे बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपलेली. नवीन असताना ती ३ व्होल्टच्या थोडी वर भरते, आमची २.१ भरली. बाजारातून नवी आणून बसवली, तारीख-वेळ लावली, सेव्ह केलं. त्या वेळी मला वाटलं, काम झालं.

विंडोजचा लोगो आला, चार रंगीत ठिपके फिरत एकत्र आले, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निळा पडदा चमकून मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा तेच. आता दुखणं तिसऱ्या जातीचं झालं होतं.

बाबांनी दुरुस्तीवाल्यांना फोन लावून हे सांगितलं. पलीकडून उत्तर आलं ते मला इथवर ऐकू आलं: "विंडोज उडाली काका, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळपर्यंत हातात." बाबा माझ्याकडे बघत होते. एक मोठं मंडळ दुसऱ्या दिवशी प्रूफ मागत होतं. त्यांचा जीव दोन्हीकडे ओढला जात होता, हे मला दिसत होतं. मी फोन घेतला. "दादा, आज नको. आधी फाइली काढून घेते, मग ठरवू." ते म्हणाले, "ताई, तुमची मर्जी."

फॉरमॅट मारल्यावर विंडोज परत येते, पेजमेकरही परत घालता येतो. पण फाँटच्या सॉफ्टवेअरची सीडी पुरात गेलेली. डोंगल हातात असून त्याला चालवणारा प्रोग्रॅम नाही, अशी गत झाली असती. फॉरमॅट हा उपाय आहे, पण त्याची पाळी सगळ्यात शेवटची, आणि फाइलींची प्रत हातात असल्याशिवाय तर मुळीच नाही.

माझ्या लॅपटॉपवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, तयार केलं. बाबांच्या मशीनला तो लावून, एफ१२ दाबून, पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं. अशा लिनक्सला हार्डडिस्कवर काहीही लिहावं लागत नाही. ते रॅममध्येच चालतं. तीन-चार मिनिटांत डेस्कटॉप आला. डिस्क उघडली, फक्त वाचण्यापुरती. "लग्न", "मंडळ", "शाळा", "ग्रामपंचायत", बाबांची सगळी फोल्डरं जागच्या जागी होती.

कॉपी लावण्याआधी डिस्कची प्रकृती बघितली. हार्डडिस्क स्वतःची नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात बघण्यासारखे आकडे पुष्कळ, पण मी आधी दोनच बघते: खराब झाल्यामुळे बदलावे लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारके कप्पे, किती, आणि वाचता येत नाहीत म्हणून लटकलेले सेक्टर किती. दोन्ही शून्य. मग मशीन पुन्हा यूपीएसवर घेतलं आणि बाहेरच्या डिस्कवर ३८ जीबीची कॉपी लावली. बाहेर पाऊस कोसळत होता, एकदा दिवे गेले, पण यूपीएसने सांभाळलं. आई डब्यात घावणे आणि चटणी घेऊन आली. आम्ही तिघांनी ते हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत खाल्लं. पट्टी भरली तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला, आणि नंतर कितीतरी वेळ तो हातातच धरून बसले.

दुकान बंद करताना मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून ठेवलं. साफ केलेल्या रॅमवर माझा पुरता विश्वास नव्हता, आणि रॅम कच्ची असेल तर निळा पडदा तिच्यामुळेही येऊ शकतो. सकाळी बघितलं तर सगळे फेरे बिनचूक. रॅमवरचा संशय मिटला.

आता विचार करायला जागा मिळाली. डिस्क ठणठणीत. फाइली वाचता येतात. रॅम बरी. लिनक्स त्याच डिस्कला, त्याच वायरीतून बघू शकतं आणि विंडोज नाही. मग बिघाड वस्तूत नसून विंडोज आणि डिस्क यांच्या मधल्या बोलण्यात असणार. निळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचायला हवं होतं, पण तो थांबत नव्हता. लोगोच्या आधी एफ८ दाबत राहिलं की विंडोज ७ एक काळी यादी दाखवते. तिच्यात "बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट करू नका" अशा अर्थाचा पर्याय असतो. तो निवडला. पडदा थांबला. खाली संकेत होता, शून्यांच्या रांगेच्या शेवटी ७बी.

७बी म्हणजे ज्या डिस्कवरून चालू व्हायचं, तीच विंडोजला सापडत नाही. तोच तो क्षण होता जिथे सगळे धागे जुळले, आणि मी वहीतली पहिली ओळ पुन्हा वाचली: चार दिवस वायर काढलेली.

बोर्ड आणि हार्डडिस्क एकमेकांशी दोन पद्धतींनी बोलू शकतात. एक जुनी, आयडीई. दुसरी नवी, एएचसीआय. कुठली वापरायची ते बायोसमध्ये ठरवलेलं असतं. विंडोज ७ घालताना ती बघते की इथे कुठली पद्धत चालू आहे, तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती पद्धत चालवणारा छोटा प्रोग्रॅम, जागा ठेवते आणि दुसरीचा झोपवून टाकते. २०१२ साली असेंबल करणाऱ्यांनी आयडीई ठेवलं असणार. एक्सपीच्या सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हर नसायचा, त्यामुळे आयडीई ठेवायची सवय त्या काळी सगळीकडे होती. बायोसची ही निवड त्या बारक्या बॅटरीच्या जोरावर लक्षात राहते. मशीन सॉकेटला लावलेलं असतं तोवर जांभळ्या वायरीतली वीज तिला मदत करते, म्हणून बॅटरी मरणपंथाला लागली तरी वर्षभर कळत नाही. बाबांनी वायर काढली, चार दिवस सगळा भार त्या २.१ व्होल्टवर आला, आणि बायोस सगळं विसरला. जागा झाला तो कारखान्यातल्या सेटिंग्ज घेऊन. आमच्या बोर्डाला कारखान्यातून एएचसीआय लावलेलं होतं.

मग विंडोजचा लोगो तरी कसा दिसत होता? सुरुवातीचा टप्पा बायोसच्या मदतीने वाचला जातो, तिथे काही अडत नाही. पुढे विंडोज कारभार स्वतःच्या हातात घेते, स्वतःचा ड्रायव्हर वापरून डिस्क शोधते, आणि तो ड्रायव्हर झोपलेला असतो. म्हणून बरोबर त्या ठिपक्यांवर येऊन ती कोसळत होती. लिनक्स दोन्ही ड्रायव्हर सोबत घेऊन फिरतं, त्याला फरक पडला नाही.

बायोसमध्ये गेले. साटा मोडसमोर, म्हणजे डिस्कशी बोलायच्या पद्धतीसमोर, एएचसीआय लिहिलेलं. ते आयडीई केलं, एवढंच. बाकी कशालाही हात लावला नाही. एकदम दोन गोष्टी बदलल्या की कुणामुळे काय झालं ते कळत नाही. एफ१० दाबून सेव्ह केलं. ठिपके आले, एकत्र जमले, आणि त्यांचं विंडोजचं चिन्ह झालं. मग तो ओळखीचा आवाज, आणि बाबांनी लावलेला परशुराम मंदिराचा फोटो.

बाबांनी डोंगल लावलं आणि एका मंडळाचं पावतीपुस्तक उघडायला घेतलं. फाँटचं सॉफ्टवेअर म्हणालं, डोंगल सापडत नाही. बाबांचा चेहरा उतरला. मला मात्र या वेळी भीती वाटली नाही, कारण आता कुठे बघायचं ते माहीत होतं. जे विसरलं गेलं ते एकटं साटा मोड कसं असेल? परत बायोस. पॅरलल पोर्टसमोर, म्हणजे डोंगलच्या त्या २५ पिनांच्या पोर्टासमोर, "डिसेबल्ड". ते चालू केलं, पत्ता नेहमीचा, ३७८. विंडोज चालू झाल्यावर तिने पोर्ट ओळखला, सॉफ्टवेअरने डोंगल ओळखलं, आणि पडद्यावर पावतीची चौकट आली. वर "॥ श्री गजानन प्रसन्न ॥", बाबांच्या लाडक्या जाड वळणाच्या फाँटमध्ये. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, सगळं जिथल्या तिथे. बाबांनी पावती क्रमांकाच्या जागी कर्सर नेला आणि कामाला लागले. मला चहा सांगायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

दुपारी निघण्याआधी मी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले, ते छापले आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले. बाबांनी मार्करने त्यावर बॅटरी बदलल्याची तारीख लिहिली, त्यांच्या त्या फलक रंगवणाऱ्या अक्षरात. बाहेरची डिस्क आता दर शनिवारी लागते. ते काम आईने घेतलंय. तिने कॅलेंडरवर शनिवारांना गोल करून ठेवलेत. डोंगलची आणि त्या फाँटची गोष्ट अजून शिल्लक आहे, हे मला ठाऊक आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणायला मी सुरुवात केली आहे, रविवारी चार-पाच फाइली, पण जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात आणि ते काम वर्षांचं आहे.

सप्टेंबरात, विसर्जन झाल्यावर, पुन्हा पावसाचा इशारा आला. बाबांनी वायरी काढल्या, कॅबिनेट गुंडाळलं, रिक्षात घातलं. तीन दिवस ते घरी होतं. चौथ्या दिवशी सकाळी साडेनऊला माझा फोन वाजला.

"लागला गो," बाबा म्हणाले.